मार्कडाउनचा पार्सर लिहिणे एवढे अवघड का जाते?

नांदेडच्या महाविद्यालयातील प्रकल्पासाठी मार्कडाउनचा (साध्या मजकुरात तारका वगैरे चिन्हे घालून ठळक अक्षरे, याद्या दाखवण्याच्या पद्धतीचा) पार्सर, म्हणजे ती चिन्हे वाचून मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्राम, लिहिताना, चिन्हे मोजकीच असूनही काम संपत का नाही, असे आपण विचारले आहे. एक्सएमएलमध्ये (माहितीची रचना खुणांनी दाखवणाऱ्या भाषेत) रचनेची चूक आढळताच पार्सरने थांबावे असा नियम आहे; मार्कडाउनमध्ये मात्र कोणताही मजकूर चुकीचा ठरत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळीला काही ना काही अर्थ द्यावाच लागतो. मार्कडाउनचे निर्माते जॉन ग्रुबर यांच्या २००४ सालच्या मूळ वर्णनात अनेक बाबी मोघम राहिल्या, म्हणून २०१४ मध्ये कॉमनमार्क हे काटेकोर मानक पुढे आले, ज्यात केवळ तिरप्या व ठळक अक्षरांसाठी १७ नियम आहेत.

मराठीची अडचण तर आणखी वेगळी आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. शब्द ठळक करण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका देतात; पण `**‘वेरूळ’**ची लेणी` असे लिहिल्यास शेवटच्या तारकांच्या आधी अवतरणचिन्ह आणि लगेच नंतर अक्षर येते, म्हणून कॉमनमार्क त्या तारकांना बंद करणारे चिन्ह मानत नाही आणि शब्द ठळक होत नाही. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहितात, त्यामुळे हा प्रसंग वारंवार येणार.

रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातील ठरावीक नमुने शोधणाऱ्या सूत्रांवर) विसंबू नका. आधी परिच्छेद आणि याद्या ओळखा, मगच ओळीतील चिन्हांकडे वळा.