लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला झिणझिण्या येतात. हे धोक्याचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला मुंग्या आल्यासारखं होतं, चार्जर काढला की थांबतं, आणि दुकानदार 'असं होतंच' म्हणून मोकळा झाला. त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. मी वीसेक वर्षं घरगुती वायरिंगची कामं करतोय, आणि या तक्रारीवरून कितीतरी घरांतलं अर्थिंग गायब असल्याचं कळलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी झिणझिण्या का येतात ते. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी बाजू वेगळी ठेवलेली असते. पण चार्जर रेडिओ-टीव्हीत खरखर करू नये म्हणून या दोन बाजूंमध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवतात. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. त्यातून किंचित करंट पाझरतो. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरला तर हिशोबानं जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँप होतो. टू-पिन चार्जरला, म्हणजे ज्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला, साधारण ०.२५ मिलिअँपपर्यंत मुभा असते. घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपला पडतो, यावरून हा करंट किती कमी आहे ते बघा. एवढ्यानं जिवाला काही होत नाही.

बॉडीला टेस्टर लावला तर तो पेटेल, मल्टिमीटर ८०-१०० व्होल्टसुद्धा दाखवेल. ते बघून लोक हादरतात. पण या दोघांना अगदी नगण्य करंट पुरतो. तो व्होल्टेज खरा असला तरी त्याच्यामागे जोर नसतो. हात घट्ट टेकवला तर काही कळत नाही आणि हलकेच फिरवला की बॉडी खरखरीत, थरथरल्यासारखी लागते. अनवाणी फरशीवर बसलात तर जास्त, पावसाळ्यात ओल आली की आणखी जास्त. पायात रबरी चप्पल घातली की कमी होतं. ही सगळी याच करंटची लक्षणं.

आता दुसरा अर्धा भाग, आणि मला काळजी याचीच आहे. तुमच्या चार्जरचा प्लग थ्री-पिन आहे का बघा. लॅपटॉपच्या बऱ्याच थ्री-पिन चार्जरमध्ये वरची जाड पिन, म्हणजे अर्थ, बॉडीपर्यंत जोडलेली असते. पाझरलेला करंट तिथून निघून जातो, हाताला काही लागायला नको. तरी लागत असेल तर बोर्डात अर्थ नसण्याची शक्यता मोठी. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकाला मागे वायरच नसते. थ्री-पिनला टू-पिनचा कन्व्हर्टर लावला असेल तरी अर्थ तिथंच तुटतो.

लॅपटॉपचं राहू द्या, पण त्याच घरात गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीनही असतं ना? गिझरच्या एलिमेंटमधून करंट गळायला लागला तर माणसाला वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे ते अर्थिंग. म्हणून वायरमनला बोलवा आणि प्रत्येक पॉवर पॉइंट तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये मीटर २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दाखवायला हवा. हे स्वतः करू नका.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं बघा. अर्थची वायर ओढायचा कंटाळा म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थला तुकडा जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, घरमालक खूश. एका घरात मला असा तुकडा फ्रिजच्या पॉइंटला सापडला. तिथं कधी न्यूट्रल तुटली असती तर फ्रिजच्या दारावर पूर्ण २३० व्होल्ट आले असते, आणि ते दार घरातली लहान मुलं दिवसातून दहादा उघडत होती. असा तुकडा दिसला तर तो काढून खरी अर्थ आणायला लावा.

मोबाइलचा चार्जर टू-पिनच असतो, त्यामुळे अर्थिंग चोख असलेल्या घरातही थोडी झिणझिण जाणवू शकते. पण चार्जर कुठला आहे ते बघा. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर टाकलेला असू शकतो. तो शॉर्ट झाला तर थेट मेनचा करंट फोनपर्यंत येतो. चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप वेडीवाकडी चालत असेल, तर तोही चार्जर हलक्या प्रतीचा असल्याचा इशारा समजा. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण आणि 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या. आणि चार्जर कुठलाही असो, चार्जिंगला लावलेला फोन बाथरूममध्ये नेऊ नका.

झिणझिण न वाटता झटका बसला, हात मागे खेचला गेला, किंवा चार्जर तडकलेला दिसला, तर आधी बोर्डाचं बटण बंद करा आणि तो चार्जर परत लावू नका. तुमचा प्लग टू-पिन की थ्री-पिन ते कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.