कुंडीतल्या शेवंतीचा शेंडा खुडायचा कधी, थांबायचं कधी?

तुम्ही विचारलंय की जूनच्या सुरुवातीला आणलेली शेवंती महिन्याभरात दीड फूट सरळसोट वाढली, फांद्या काही फुटत नाहीत, आता शेंडा खुडला तर दिवाळीला फुलं मिळतील का. मिळतील. पण या आठवड्यातच खुडा. ऑगस्टच्या मध्यानंतर मात्र शेंड्याला हात लावू नका.

माझं माहेर पुरंदरचं, तिथे आमचा शेवंतीचा मळा होता. आईचं गणित सणांवर चालायचं: दसऱ्याची शेवंती आषाढीपर्यंत खुडायची, दिवाळीची नारळी पौर्णिमेपर्यंत. लग्न होऊन पुण्यात आले आणि गच्चीवर कुंड्या लावल्या, त्या पहिल्या वर्षी मी हे विसरले. प्रत्येक खुडणीनंतर झाड इतकं भरत होतं की गणपती उठल्यावरही मी एकदा सगळे शेंडे खुडले. झुडपं देखणी झाली, पण दिवाळीला एकही फूल नाही. फुलली ती थेट मार्गशीर्षात.

खुडल्यावर नेमकं काय होतं ते सांगते. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होऊन खाली उतरत असतं, आणि ते पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका काडीच्या तीन-चार फांद्या होतात. शेवंतीचं फूल फांदीच्या टोकाला येतं, म्हणून जितकी टोकं तितकी फुलं.

पण त्या टोकांवर कळी धरायची की पानंच काढत राहायची, हे शेवंती रात्रीच्या लांबीवरून ठरवते. आपल्याकडे २१ जूनला दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरच्या शेवटी बारा तासांवर येतो. रात्री मोठ्या होत गेल्या की शेवंती कळीकडे वळते. सोयाबीन, पॉइन्सेटिया, भांग यांचाही स्वभाव हाच. उशिरा खुडलं तर झाडाला आधी नवी फांदी वाढवावी लागते आणि मगच कळी धरता येते. त्यात सहज महिना-सव्वा महिना जातो.

तुमचं झाड लांबुडकं झालंय, त्यामुळे नुसतं टोक चिमटून भागणार नाही. खालची सात-आठ चांगली पानं ठेवा आणि त्यांच्या वरचा भाग स्वच्छ धारदार कात्रीने पानाच्या अगदी वर कापा. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असू द्या, आणि पाऊस उघडलेली सकाळ बघा, म्हणजे जखम लवकर सुकते. पुढच्या वर्षी मात्र एवढी वेळ येऊ देऊ नका. रोप लावून तीन-चार आठवडे झाले, वीतभर उंच झालं, की नखाने टोकाचा बोटाच्या एका पेराएवढा कोवळा भाग खुडायचा, बस.

कापलेले शेंडे टाकू नका हो! तीन इंचांचा तुकडा घ्या, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत सावलीला खोचा. पावसाळी हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. माझ्या निम्म्या कुंड्या अशाच वाढल्या आहेत.

नव्या फांद्या चार-पाच इंचांच्या झाल्या की दुसरी आणि शेवटची खुडणी. तुमच्या बाबतीत ती ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येईल. तोवर एखादी फांदी अगदीच छोटी असेल तर ती तशीच सोडा. खुडल्यावर कोवळ्या फुटीवर काळा मावा हमखास येतो. रोज पानं उलटून बघा, दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, नाहीतर निंबोळी अर्क मारा.

मातीला टेकलेली, तळाची तीन-चार इंचांतली पानं काढून टाका. पावसात माती उडून त्यांच्यावर काळे ठिपके पडतात आणि रोग वर चढत जातो. त्याच्या वरची हिरवी पानं मात्र काढू नका. ‘हवा खेळावी’ म्हणून झाड निम्मं उघडं करणारे बघितले की मला वाईट वाटतं, कारण कळी पोसायची ती त्याच पानांनी. फांद्या पसरायला लागल्या की कामठीचा आधार देऊन सुतळीने सैल बांधा.

अजून एक गोष्ट तपासा: गच्चीवर रात्रभर दिवा जळतो का? आमच्या जिन्यातल्या दिव्याचा उजेड दोन कुंड्यांवर पडायचा, आणि बाकीच्या फुलल्या तरी त्या दोन हिरव्याच राहायच्या. कोपऱ्यात हलवल्या आणि पुढच्या हंगामात त्यांनाही कळ्या आल्या. सप्टेंबरपासून रात्री पुरता अंधार हवा.

कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या की नत्राचं खत बंद करा आणि थोडी लाकडाची राख द्या. मोठ्या फुलाची जात असेल तर प्रत्येक फांदीची मधली कळी ठेवून बाजूच्या काढतात. देशी, गजऱ्याची शेवंती असेल तर एकही कळी काढू नका.

फुलं संपल्यावर झाड जमिनीपासून चार बोटांवर कापून कुंडी तशीच ठेवा. बुंध्याजवळून काश्या, म्हणजे मुळाशी येणारे नवे फुटवे, फुटतील, त्याच पुढच्या वर्षी लावा.