खर्चाची वही सुरू करताय?
पहिल्या महिन्यात बजेट ठरवूच नका, नुसतं लिहा. आकडे हातात नसताना केलेलं बजेट म्हणजे निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे.

वही खिशात मावेल अशी घ्या आणि पैसे दिले की तिथल्या तिथे टिपा. रात्री आठवून लिहू म्हटलं की किरकोळ खर्च हमखास निसटतात. रकाने चारच: तारीख, कशावर, किती, उरले किती. सगळी गंमत त्या शेवटच्या रकान्यात आहे. मी वर्षभर नुसती खर्चाची बेरीज मारत होतो, हात काही आखडला नाही. शिल्लक ओळीगणिक खाली येताना दिसू लागली, तेव्हा कुठे आखडला.

कार्डाने घेतलेली वस्तू घेतल्या दिवशीच लिहा. बिल भरताना पुन्हा लिहिलीत तर तोच खर्च दोनदा धरला जाईल. वर्षातून एकदा येणारा विम्याचा हप्ता 12 ने भागून दरमहा बाजूला काढा.

आठवड्याला एकदा वहीतली शिल्लक पाकीट आणि खात्याशी ताडून बघा (न भरलेलं कार्डाचं बिल वजा धरून). थोडाफार फरक आला तर ‘किरकोळ’ लिहून पुढे चला. मी एकदा त्यापायी अख्खा रविवार घालवलाय. शेवटी सापडलं काय, तर माझाच 6 मी 9 वाचला होता!