ऑपरेशन 8 लाखांचं, औषधं 25 लाखांची

प्रश्न : माझं वय 38, यजमानांचं 43. ते कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहेत, पगार 34 हजार. मी एका पतसंस्थेत क्लार्क, पगार 22 हजार. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. ते सरकारी योजनेतून होतं, पण रजा पडून पगार हातात 22 हजारच येतो. माझी किडनी जुळते आणि मी द्यायला तयार आहे. पुण्याच्या हॉस्पिटलनं 8 लाखांचा अंदाज दिलाय. औषधांना पहिले सहा महिने महिना 20 हजार, पुढं 12 हजार धरा म्हणाले, तपासण्या वेगळ्या. आमच्याकडं कंपनीचा 3 लाखांचा मेडिक्लेम, 5 लाखांची एफडी, दहा तोळे सोनं आणि राधानगरी रस्त्याकडं 20 गुंठे ऊस आहे. भावकीतले एकजण जमिनीचे 16 लाख द्यायला तयार आहेत, पण निम्मे रोख आणि व्यवहार याच महिन्यात. दीर म्हणतात, डायलिसिस फुकट होतंय तर जमीन कशाला घालवता? काय करावं?

उत्तर : ताई, आधी दिरांचं बोलणं घेतो, कारण हा हिशेब घरोघरी असाच मांडला जातो. डायलिसिसचं बिल येत नाही, हे खरं. पण यजमानांचे महिन्याला 12 हजार रुपये कापले जातात, जाण्या-येण्याचा आणि पथ्याचा खर्च वेगळा. वर्षाला दीड लाखाच्या आसपास तुम्ही आत्ताही मोजताय, फक्त त्याची पावती मिळत नाही. शिवाय डायलिसिसवर जितकी वर्षं जातात, तितका पुढं बसवलेल्या किडनीचा निकालही उतरतो. अमेरिकेत प्रतीक्षायादीवरच्या रुग्णांचा मोठा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यारोपण झालेल्यांचा दीर्घकाळचा मृत्यूचा धोका यादीत थांबून राहिलेल्यांपेक्षा जवळपास दोन-तृतीयांशानं कमी निघाला. ते प्रत्यारोपण तर मृत दात्यांच्या किडनीचं होतं. जिवंत दात्याच्या किडनीचा निकाल त्याहून सरस असतो.

नवरा-बायकोत रक्ताचं नातं नाही, मग किडनी टिकेल का, ही शंका तुम्ही लिहिली नसली तरी सासूबाईंच्या मनात असणार. 1995 च्या एका गाजलेल्या अभ्यासात तीन वर्षांनंतर जोडीदारानं दिलेल्या किडन्यांपैकी 85 टक्के चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी 82 टक्के आणि मृत दात्यांच्या 70 टक्के. ऊती किती जुळतात याच्याइतकंच किडनी निरोगी माणसाची आहे आणि ती काढून लगेच बसवली, याला महत्त्व आहे. आता औषधं सुधारलीत. चांगल्या केंद्रात जिवंत दात्याची किडनी वर्षाअखेर शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास रुग्णांमध्ये व्यवस्थित चालते, आणि साधारण पंधरा ते वीस वर्षं साथ देते. म्हणजे यजमानांचं वय साठीला टेकेपर्यंतचं नियोजन आपण करतोय. त्यानंतर पुन्हा डायलिसिस किंवा दुसरं प्रत्यारोपण लागू शकतं, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

तेव्हा ऑपरेशन करा, आणि जमिनीच्या भावासाठी ते लांबवू नका. एवढं ठरलं की खरा प्रश्न सुरू होतो.

तुमच्याच आकड्यांवरून बघू. औषधांचे पहिल्या वर्षी 1 लाख 92 हजार. तपासण्यांचे महिना 3 हजार धरले तर सगळे मिळून 2 लाख 28 हजार. दुसऱ्या वर्षापासून औषधं 12 हजार आणि तपासण्या 2 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 68 हजार. पंधरा वर्षांची बेरीज, महागाई एक पैसाही न धरता, पंचवीस लाखांच्या पुढं जाते. सगळेजण ऑपरेशनच्या 8 लाखांसाठी धावपळ करतात, सोनं गुजरीत सराफाकडं नेतात, पाहुण्यांकडं शब्द टाकतात. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमसच्या गोळ्यांसाठी मात्र तिसऱ्या वर्षी कुणाकडं शब्द टाकता येत नाही. मग 'बरं वाटतंय' म्हणून सकाळचा डोस तेवढा चालू राहतो आणि संध्याकाळचा सुटतो. बसवलेली किडनी जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. तुमची किडनी अशी घालवायची नाही, हे धरूनच पुढचा सल्ला देतोय.

म्हणून पुण्याच्या 8 लाखांच्या अंदाजावर सही करण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. 2023 च्या निर्णयानं किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली आणि पुढं योजना सगळ्या रेशनकार्डांना खुली झाली, पांढऱ्यालाही. अट एकच, हॉस्पिटल योजनेत आणि प्रत्यारोपणासाठी मान्यताप्राप्त हवं. विचारायचं ते नेमकं विचारा : दात्याच्या तपासण्या पॅकेजमध्ये आहेत का, ऑपरेशननंतरची औषधं किती महिने मिळतात, वरून काही भरावं लागतं का. आणि हॉस्पिटलला विचारा, गेल्या वर्षी किती प्रत्यारोपणं केली. लॉबीतला संगमरवर बघून हॉस्पिटल निवडू नका.

योजनेतून झालं तर तपासण्या, पुण्यातली खोली, जाणं-येणं यासाठी मी 2 लाख धरतो. एफडीतले 3 लाख शिल्लक राहतात, म्हणजे पहिल्या वर्षाची औषधं हाताशी. 8 लाखांच्या वाटेनं गेलात तर मेडिक्लेमचे 3 लाख वजा जाऊन 5 लाख घालावे लागतील आणि एफडी संपेल. पहिल्या महिन्याची गोळी सोनं तारण ठेवून घ्यावी लागेल. योजनेच्या हॉस्पिटलात तारीख फारच लांबली तरच दुसरी वाट धरा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री सहायता निधी इथंही अर्ज टाका. मिळाले तर औषधांच्या खात्यात जमा करा, पण त्यांच्या भरवशावर तारीख ठरवू नका.

आता तुमच्याविषयी. एवढ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल 'तयार आहे' एवढंच लिहिलंय. बायका असंच लिहितात, आणि आकडेही तेच सांगतात : 1995 ते 2021 या काळात देशात ज्यांना अवयव मिळाले, त्यांतले पाचातले चार पुरुष होते. दात्याचा धोका कमी आहे, शून्य नाही. ऑपरेशनच्या वेळचा मृत्यूचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास धरला जाई, अलीकडं तो आणखी उतरलाय. पुढं आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याची शक्यता 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात दात्यांमध्ये दहा हजारांत नव्वद आली, तितक्याच निरोगी पण न दिलेल्यांमध्ये चौदा. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव दात्यांना ही वेळ येत नाही. पण वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासायचीच, आणि तो खर्च घरखर्चाच्या वहीत तुमच्या नावानं लिहायचा.

पत्रावरून दिसतं, तुमच्या नावावर आज ना टर्म पॉलिसी, ना स्वतःचा आरोग्यविमा. आहे तो यजमानांच्या कंपनीचा, त्यांची नोकरी गेली की दोघांचाही जातो. म्हणून ऑपरेशन होऊन सगळे क्लेम मिळेपर्यंत त्यांनी राजीनामा द्यायचा नाही, बिनपगारी रजा पडली तरी चालेल. एखादा एजंट सांगेल, 'आत्ताच पॉलिसी काढा, किडनीचं बोलू नका.' त्याचं ऐकू नका. फॉर्मवर ठरलेल्या शस्त्रक्रियेबद्दल विचारतात, तिथं लपवलं तर नेमक्या वेळी क्लेम नाकारतील. खरं लिहून अर्ज करा. विमा कंपनीनं तो पुढं ढकलला तर वर्षभरानं चांगले रिपोर्ट जोडून पुन्हा करा. आज मात्र बँकेत जाऊन 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजना घ्या. जीवनज्योतीत पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला भरपाई नाही, म्हणून ऑपरेशनच्या महिनाभर आधी ती चालू झालेली हवी.

एक गोष्ट कागदावर दिसत नाही. एकाच दिवशी घरातली दोन माणसं अंथरुणाला खिळणार. तुम्हाला चार-सहा आठवडे घागर उचलायची नाही. यजमानांना सुरुवातीचे काही महिने वरचेवर तपासणीला जावं लागेल, गर्दीत आणि धुळीत वावरता येणार नाही. स्वयंपाक, मुलं असतील तर त्यांची शाळा, पुण्याच्या खेपा, हे कोण बघणार? नणंद किंवा तुमची आई दोन महिने राहायला येणार असेल तर तिच्या तिकिटापासून किराण्यापर्यंत 30 हजार बाजूला काढा.

आणि फौंड्री. वाळूची धूळ, फेटलिंगचा, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतानाचा धुरळा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसाला सोसत नाही. मालकांशी आत्ताच बोला, स्टोअर किंवा डिस्पॅचला टेबल मिळेल का. माझ्या गणितात सगळ्यात मोठा आकडा हाच आहे. दोघं कामावर असाल तर 56 हजारांतून घरखर्चाचे मी धरलेले 28 आणि औषधांचे 14 जाऊन महिना 14 हजार उरतात. ते घरी बसले तर महिना 20 हजारांचा खड्डा.

राहिली जमीन. मी शेतकऱ्याच्या घरातलाच, त्यामुळं 'विका' म्हणताना जीभ जड होते. पण त्या 20 गुंठ्यांतून तोडणी, खत, पाणीपट्टी जाऊन वर्षाला तीस-पस्तीस हजार हाती येत असतील तर खूप. 16 लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर 1 लाख 4 हजार येतात, औषधांचा बराच भार त्यावर निघतो. तेव्हा जमीन विकायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आत्ता, ऑपरेशनसाठी आणि निम्मी रोख घेऊन विकायला. यजमान परत कामावर गेले आणि 14 हजार उरू लागले तर विकायची वेळही येणार नाही. नाही गेले तर वर्षभरानं सावकाश, दोन-तीन गिऱ्हाइकं बघून विका आणि पैसे फक्त औषधांसाठी ठेवा. चार बँकांत वाटून, कारण एका बँकेत 5 लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. राग मानू नका, पण तुमच्या पतसंस्थेत नको, तिथं ते संरक्षण नाही.

रोखीचं तर सोडूनच द्या. जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि 8 लाखांच्या नोटा एफडीत घालायच्या कशा? करासाठी आणखी एक पाहा : जमीन कोल्हापूर महापालिका हद्दीपासून सरळ रेषेत 6 किलोमीटरच्या आत आहे का. आत असेल तर भांडवली नफ्यावर कर लागेल, बाहेर असेल आणि दुसऱ्या नगरपालिकेच्या अंतरातही येत नसेल तर नाही. सातबारा काढून आणा. जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 पासून नणंदेचाही दिराइतकाच हक्क आहे, तिच्या सहीशिवाय खरेदीखत करू नका. भावकीतल्या त्या गृहस्थांना नाही म्हणायची गरज नाही, ऑपरेशन होऊ द्या म्हणावं. पण तोपर्यंत विसार म्हणून दहा हजारसुद्धा घेऊ नका.