परदेशी करार: पगार थकला तर?

प्रश्न: आखाती फुटबॉल क्लबकडून भाच्याला मोठ्या पगाराचा करार आलाय. पैसे बुडतील का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: बुडू शकतात. सौदीत पगारावर प्राप्तिकर नाही, म्हणून आकडा भुरळ घालतो. पण चीनचा जिआंग्सू क्लब २०२०ची लीग जिंकूनही फेब्रुवारी २०२१मध्ये बंद पडला. मालक कंपनीनेच हात आखडता घेतला होता.

फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचे पगार थकले, की क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत, तर करार तोडता येतो. नोटीस न देताच परतलात, तर भरपाई तुमच्यावरच उलटू शकते. आणि ‘इमेज राइट्स’ची (खेळाडूचं नाव-छायाचित्र जाहिरातीत वापरण्याच्या हक्कांची) रक्कम वेगळ्या कागदावर देत असतील, तर ती मुख्य करारातच लिहून घ्या. वेगळ्या कंपनीशी केलेला करार फिफापुढे टिकवणं फार कठीण जातं.