तारांगण : वाचकांचे प्रश्न
ययातीतली मसुराच्या आकाराची दीर्घिका

प्रश्न : ययाति तारकासमूहातली एनजीसी १०२३ ही दंडयुक्त (मधोमध ताऱ्यांचा सरळ पट्टा असलेली) भिंगाकार दीर्घिका ८ इंची डॉब्सोनियनने (साध्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीने) शोधतो आहे. एम ३४ तारकागुच्छ लगेच सापडतो, पण नकाशाप्रमाणे तिथून खाली गेलो की काहीच मिळत नाही. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला ती कशी सापडली?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : घोटाळा ‘खाली’ या शब्दात आहे. दीर्घिका एम ३४ च्या दक्षिणेला ३.७ अंशांवर आहे. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश, ययाति माथ्याच्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे उत्तरेला तोंड करून पाहताना दक्षिण येते वर, डोक्याकडे. म्हणून नळी उचला. डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊला एम ३४ सुमारे ६५ अंश उंचीवर असतो, दीर्घिका ६९ अंशांजवळ. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर ४८ पट वर्धन आणि जेमतेम १ अंशाचं दृश्यक्षेत्र मिळतं. म्हणजे साडेतीन-पावणेचार क्षेत्रं वर. फाइंडरमध्ये (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) प्रतिमा उलटी दिसते, तेव्हा डोळ्यांवर नाही, नळी कुठे सरकते त्यावर भरवसा ठेवा.

जागाही बदला. शहराच्या दक्षिणेला बसलात तर सोलापूरचा उजेड नेमका उत्तरेला येतो. तुळजापूर रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलात की तो पाठीशी राहतो. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, अर्धा तास मोबाइल बंद ठेवा. तेजोमेघांचा फिल्टर लावू नका. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा असतो, फिल्टर तोच कापतो. दिसेल तो ठळक गाभा आणि पूर्व-पश्चिम लांबट धूसर पट्टा. हा पट्टा म्हणजे दंड नव्हे, कललेली तबकडी. दंड छायाचित्रातच पाहावा.

विल्यम हर्शेलने १७८६ मध्ये ती इंग्लंडमधून नोंदली. त्याच्या २० फुटी दुर्बिणीचा आरसा १८.७ इंचांचा होता. नळी मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण, माथ्यातून जाणाऱ्या रेषेवर) रोखून तो ती थोडी वरखाली करी. आकाश आपोआप सरकत जाई, आणि बहीण कॅरोलाइन वेळ व स्थान लिहून घेई. तिथून ही दीर्घिका माथ्याच्या दक्षिणेला येते, म्हणून त्याच्यासाठी दक्षिण खरोखरच खाली होती.

प्रश्न : तिला सर्पिल भुजा का नाहीत?

उत्तर : तबकडीत नवे तारे घडवण्याजोगा थंड वायू फारसा नाही. भुजा उठून दिसतात त्या तरुण निळ्या ताऱ्यांमुळे. इथे बहुतेक तारे वयस्क, पिवळसर आहेत.