दम्याचा रकाना आणि तीन मिनिटांची साक्ष

प्रिय ताई,

मी वीस वर्षांची आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातून आम्ही चौघं मिशन प्रशिक्षण शिबिराला जाणार आहोत. तीन आठवडे शिबिर, मग तिथूनच संघाबरोबर सेवेला. अर्जात आरोग्याची माहिती विचारली आहे आणि तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे प्रभू माझ्या आयुष्यात कसा आला हे, लिहून द्यायची आहे. मला लहानपणापासून दमा आहे, पंप लागतो. मैत्रीण म्हणते, तो रकाना कोरा सोड, नाहीतर नाव कापतील. विश्वास असेल तर प्रभू सांभाळेल. साक्षीचं म्हणाल तर मी ख्रिस्ती घरात जन्मले, संडे स्कूलमध्ये वाढले, सांगण्यासारखं काही घडलंच नाही. बाकीच्यांच्या साक्षी ऐकून लोक रडतात. म्हणून मी वाईट संगतीची गोष्ट घालून माझी जरा रंगवून लिहिली आहे. आता रात्री झोप लागत नाही. मला खरंच पाचारण, म्हणजे या सेवेसाठी देवाची हाक, आहे का?

— गोंधळलेली

प्रिय गोंधळलेली,

तुला झोप लागत नाही हे वाचून मला बरं वाटलं, रागावू नकोस. रंगवलेली साक्ष लिहून जिला गाढ झोप लागली असती, तिला मी घरीच थांब म्हटलं असतं.

आधी रकाना भर. दमा किती वर्षांपासून आहे, औषधं कोणती, कशाने वाढतो, शेवटचा मोठा त्रास कधी झाला, सगळं लिही. मैत्रिणीचं मन वाईट नाही, सल्ला वाईट आहे. अशा शिबिरांत पहाटे मननाला उठायचं, मग धावणं, सामान वाहणं, झाडलोट, धुळीतली कामं आणि रात्री एका खोलीत कितीतरी जणींनी झोपायचं. मध्यरात्री तुझा श्वास कोंडला, तर शेजारच्या अंथरुणावरच्या मुलीला पंप कुठे आहे हे ठाऊक हवं की नको? तू लपवलंस तर त्या बिचारीला अंधारात तुझी बॅग उपसत बसावं लागेल. आणि ‘प्रभू सांभाळेल’ हे वाक्य मी फार जपून वापरते. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं सैतानाने सुचवलं होतं. येशूने उडी टाकली नाही. मत्तयाचा चौथा अध्याय मैत्रिणीलाही वाचून दाखव.

तुझं पत्र वाचताना मला सारखा तीमथ्य आठवत होता, प्रेषित पौलाचा तरुण सहकारी. पौलाच्या पत्रांत त्याची वारंवार होणारी दुखणी आहेत, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा हा सल्लाही आहे (१ तीमथ्य ५:२३). म्हणजे त्याची तब्येत पौलाला माहीत होती, आणि तरीही महत्त्वाच्या कामांवर तो त्यालाच धाडत होता. ‘आजारी आहेस तर विश्वास कमी पडतोय’ असं त्याला कुणी ऐकवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता डॉक्टर. अर्ज भरण्याआधीच भेट, कारण त्यांच्याकडून लेखी कागद हवा: रोजचं औषध कोणतं, त्रास सुरू झाला तर काय करायचं, कोणत्या टप्प्यावर थेट दवाखाना गाठायचा. धावण्याआधी पंप घ्यायचा का, हेही त्यांनाच विचार. रोजचा पंप ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मनाने बंद करू नकोस. ही चूक फार जण करतात. तातडीचा पंप अंगावर ठेव, दुसरा संघाच्या प्रमुख ताईंकडे दे, दोन्हींची मुदत तपासून घे. डॉक्टर हो म्हणाले तर आतापासून रोज चाल, हळूहळू पाठीवर ओझं घेऊन. नवे बूट शिबिरातच पहिल्यांदा घालू नकोस, इतकं पुरे.

साक्षीवर मात्र जरा थांबते.

‘मी आधी अशी होते, मग प्रभू भेटला, आता मी अशी आहे’ हा साचा पौलाला शोभतो, कारण आधी तो ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता आणि दिमिष्काच्या वाटेवर त्याचं खरंच तसं झालं. तीमथ्याचं तसं नव्हतं. त्याचा विश्वास आधी आजी लोईस हिच्यात होता, मग आई युनीके हिच्यात, मग त्याच्यात (२ तीमथ्य १:५). बालपणापासून त्याला शास्त्र माहीत होतं. ही साक्ष ऐकून बहुधा कुणी रडलं नसेल. पौलाने मात्र ती अभिमानाने लिहून ठेवली.

तू रंगवलेलं सगळं खोड. कारण साधं आहे: शिबिरात ही साक्ष तुला पुन:पुन्हा सांगावी लागेल, सेवेत अनोळखी माणसांपुढे सांगावी लागेल आणि त्यातलं कुणीतरी पुढचा प्रश्न विचारेलच. ‘मग त्या वाईट संगतीतून कशी सुटलीस?’ तेव्हा दुसरं खोटं लागेल. शिवाय तुझ्यासारखीच घरात वाढलेली एखादी मुलगी समोर बसलेली असेल, आणि आपलं आयुष्य देवाला पुरेसं नाट्यमय नाही असं समजून जाईल.

त्याऐवजी एकच खरा प्रसंग घे. घरच्यांचा विश्वास तुला कधी आपला वाटला? कधी प्रार्थना करूनही काही झालं नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी तू प्रार्थना केलीस? दम्याच्या रात्रीच घे ना, त्यात सांगण्यासारखं काही नाही असं मला पटत नाही. तीन मिनिटं म्हणजे एक पान, फार तर सव्वा. मोठ्याने वाचून घड्याळ लाव. तारण, अभिषेक, पाचारण हे शब्द मंडळीबाहेरच्या माणसाला कळत नाहीत. ते टाळून बोलून बघ. कठीण जातं, पण निम्मं प्रशिक्षण त्यातच होतं.

पाचारणाचं उत्तर पत्रातून देणारी मी कोण? एवढंच सांगते की तीमथ्याने ते एकट्याने उशीत तोंड खुपसून ठरवलं नव्हतं. लुस्त्र आणि इकुन्य इथले बंधू त्याच्याविषयी चांगलं बोलत होते (प्रेषितांची कृत्ये १६:२), म्हणून पौलाने त्याला सोबत घेतलं. तुला बऱ्याच वर्षांपासून ओळखणाऱ्या दोघातिघांना विचार: मी यासाठी योग्य आहे का? पाळकांना विचार, आणि तुझ्यावर कधी चिडलेल्या माणसालाही विचार. तो नीट सांगेल.

आणखी एक, हे तू विचारलेलं नाहीस. तूही शिबिराला प्रश्न विचार. मुलींसाठी जबाबदार बाई कोण? प्रथमोपचार कोणाला येतात, दवाखाना किती लांब? घरी फोन कधी करता येईल? ओळखपत्रं आणि पैसे माझ्याजवळच राहतील ना? कुणी गैर वागलं तर तक्रार कोणाकडे? चांगले आयोजक याची उत्तरं तयारच ठेवतात. असे प्रश्न विचारले म्हणून तुला अल्पविश्वासी ठरवणाऱ्या शिबिराला जाऊ नकोस, मग बाकी तिघं गेले तरी.

आणि दम्यामुळे यंदा नाही म्हणाले तर? वाईट वाटेल, दोन दिवस रड. पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी म्हणून मिलेत या गावी मागे ठेवलं होतं. तो संघातून बाद झाला असं कुठे लिहिलेलं नाही. नकार आला तर कारण विचार, कमी कष्टाचं किंवा दवाखाना जवळ असलेलं दुसरं शिबिर आहे का ते बघ. पण माझा अंदाज आहे की डॉक्टरांचा कागद जोडलास तर ते आधी तुला फोन करतील. तेव्हा फोन आईकडे देऊ नकोस, तूच बोल.

— ताई